दोन सेकंद

नियम साधा आहे.
रिंगवर दोन्ही हात आडवे, देह मध्ये उभा,
आणि दोन सेकंद हलायचं नाही.
दीडला सोडलं तर दशांश कापतात,
नुसतं दाखवून सोडलं तर केलंच नाही असं धरतात.

नान्नांना हे सांगितलं तेव्हा
ते मागावर तुटलेला धागा सांधत होते.
मान वर न करता म्हणाले,
दोन सेकंदांत धोटा चार वेळा जातो.
चार धाग्यांत काय विणून होतंय रे?

तरी अशोक चौकामागच्या त्या कारखान्यात
लोखंडी तुळईला त्यांनीच बांधल्या
मागाच्या जुन्या पट्ट्याच्या दोन वाद्या,
खाली बाभळीच्या दोन कड्या, सुताराला चादर देऊन करून घेतलेल्या.
लोडशेडिंग सुरू झालं की सहा माग गप्प
आणि मी वर.
वीज सांगून थोडीच येते.
मी लटकलेला असतानाच सगळे माग एकदम सुटायचे,
तुळई थरथरायची, वाद्या, दात,
खालून हत्तुरे सर काहीतरी ओरडायचे.
ऐकू यायचं नाही, ओठांवरून कळायचं:
हलू नको.

घरी दोघं पांढरे होऊन यायचो.
त्यांच्या भुवयांवर सुताची कीस, माझ्या कोपरांपर्यंत मॅग्नेशियम.
अम्मा म्हणायची, तुझं पांढरं विकत आणावं लागतं,
त्यांचं फुकट मिळतं.
मग बिडीची पानं कापायची कात्री धुवून
माझ्या तळहाताचे घट्टे कापायची,
पान कापावं तसेच, गोल, न बोलता.
हजार बिड्यांच्या दिवशी घट्टे राहून जायचे
आणि दुसऱ्या दिवशी कातडी फाटायची.

पुढचं सगळं कागदावर आहे.
पुण्याचं शिबिर. राष्ट्रीय पदकं, रंगांसकट.
डावा खांदा, दोनदा.
शेंगाचटणीचा डबा विमानतळावर उघडून दाखवलेला.

आणि ते शहर, ज्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
तिथली अंतिम फेरी.
एवढा मोठा हॉल, एवढी माणसं, आणि शांतता.
मी क्रॉसमध्ये उतरलो.
जमीन हलत नव्हती.
खांब हलत नव्हते.
जगात काहीच हलत नव्हतं,
आणि त्या निश्चल तारांवर
मला माझी नाडी दिसली.
डाव्या तारेत, मग उजव्या.
उतरलो ते पाय जुळवून, पाऊलही न हलवता,
पण तारा डोलल्या होत्या. पंचांनी कापलं.
बरोबरच कापलं.
पदक शंभरातल्या साडेसहा भागांनी गेलं,
म्हणजे नक्की कशाने गेलं
ते मी दहा वर्षं शोधतोय.

फोनवर नान्नांनी विचारलं, पडलास?
म्हटलं, नाही.
मग?
म्हटलं, हललो.
बराच वेळ मागांचा आवाज येत राहिला.
मग ते म्हणाले, चादरीत असा दोष निघाला
तर सेकंड म्हणून विकतात.
पांघरणाऱ्याला थंडी काही जास्त वाजत नाही.

ते माग आता भंगारात गेले, किलोवर.
नान्ना दुपारी झोपतात, झोपेत बोटं सांधत असतात.
मी रेल्वेत आहे, खेळाडूंच्या कोट्यातून,
खिडकीतून सुट्टे पैसे सरकवतो.
खांदा उचलून वरच्या फळीवरची फाईल निघत नाही,
शिपाई काढून देतो.

संध्याकाळी आठ मुलं येतात.
त्यातला इरण्णा, बारा वर्षांचा, जरा बरा आहे.
तो रिंगवर स्थिर झाला की
मी खांबाला हात लावतो
आणि हलवतो.
आधी हळू, मग माग सुटल्यासारखा.
तो दात आवळून ओरडतो,
सर, हलवू नका की!
मी म्हणतो, वीज आली बे, मी काय करू.

आणि मोजतो.
माझे सेकंद फार मोठे असतात
अशी मुलांची तक्रार आहे.